लिंबू उलटा वार करत नाही

आमच्या वागळे इस्टेटीतल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सध्या तलवारीवरून दोन तट पडले आहेत. एका बाजूला आमच्या टीममधला एक जण. दोन वर्षं जर्मनीत ऑनसाइट होता, तिथून लांब तलवारीचं वेड घेऊन परत आला. दुसऱ्या बाजूला टेस्टिंगमधला एक मित्र. दर रविवारी सकाळी ठाण्यात शिवकालीन युद्धकलेच्या वर्गाला जातो आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरवतो. परवा जेवताना पहिल्याने मोबाईलवर स्पर्धेचा व्हिडिओ दाखवला. काळी जाकिटं, तोंडावर जाळीचे मुखवटे, हातात बोथट पोलादी तलवारी, आजूबाजूला झेंडे घेतलेले पंच. पट्टेवाल्याने दोन मिनिटं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हे दोघंही मेले की! मग पॉइंट कसले मोजताय?"

पहिला म्हणाला, "बरं. आता तुझा व्हिडिओ काढ." काढला. अप्रतिम पट्टा, पातं दिसत नाही इतका वेग. "आणि यात समोर कोण आहे? तू मारतोयस कोणाला?"

ताक संपलं, वाद संपला नाही. मला मात्र दोघांचंही म्हणणं बरोबर वाटलं, म्हणून पुढचे दोन-तीन वीकेंड या विषयावर वाचण्यात घातले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी त्या युरोपियन प्रकाराबद्दल. हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स, आद्याक्षरं घेऊन 'हेमा'. (या नावावरून कॅन्टीनमध्ये जे विनोद झाले ते तुम्ही कल्पनेनेच करून घ्या.) युरोपात बंदुका आल्या, सैन्यांची पद्धत बदलली आणि लांब तलवारीची विद्या शिकवणाऱ्या गुरूंची साखळी तुटली. उरली ती पुस्तकं. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये ढाल-तलवारीचं सातशे वर्षांपूर्वीचं एक सचित्र हस्तलिखित आहे. इटलीच्या फियोरेचं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. स्ट्रासबुर्गच्या योआखिम मायरचं १५७० सालचं छापील पुस्तक आहे. गेल्या तीसेक वर्षांत जगभरातल्या हौशी मंडळींनी ही पुस्तकं वाचून, त्यातली चित्रं लावून, ही विद्या परत उभी केली.

आता प्रश्न असा की चित्रावरून उभा केलेला पवित्रा बरोबर आहे हे ठरवायचं कसं? गुरू तर चारशे वर्षांपूर्वी गेले. उपाय एकच, समोर खरोखर मारायला येणारा माणूस उभा करायचा आणि डाव चालतो का ते पाहायचं. पण मग कोणी मरता कामा नये. म्हणून धार काढली, टोक बोथट केलं, मुखवटे आले. कोण जिंकलं ते कळायला हवं, म्हणून गुण आले. आणि गुण आले की माणूस गुणांसाठी खेळतो. आपल्या धंद्यात हे कोणाला समजावून सांगायला नको. कोडच्या ओळी मोजल्या की ओळी वाढतात, बंद केलेले बग मोजले की एका बगचे तीन होतात.

तलवारीत हे कसं दिसतं? समजा माझे चार गुण झालेत, तुझे दोन. आता मी स्वतःला वाचवायची तसदी घेत नाही. तू मारशील तेव्हाच मीही मारतो, दोघांनाही लागतं, गुण कोणालाच नाही किंवा दोघांनाही सारखे, आणि आघाडी माझी. खेळ म्हणून चोख हिशोब. खऱ्या धारेसमोर मात्र ही आत्महत्या. दुसरा प्रकार म्हणजे लांबून हातावर टिचकी मारून पळायचं. हा वार खऱ्या तलवारीनेही वाईटच, पण स्पर्धेत तो एवढा सोपा पडतो की बाकीची विद्या बाजूला राहते. मग आयोजक नियमांवर पॅच टाकतात. ठरावीक संख्येपेक्षा जास्त दुहेरी वार झाले तर दोघंही बाद. वार बसल्यावर क्षणभरात उलट वार बसला तर पहिल्याचा गुण कापायचा. यातला प्रत्येक पॅच एक बग मारतो आणि बहुतेक वेळा दुसरा जन्माला घालतो. उलट वाराला किंमत दिली की काही जण आधी मार खाऊन मग मारायचीच सवय लावून घेतात.

यावर 'अस्सल' वाल्यांचं म्हणणं असतं की स्पर्धांनी विद्या बिघडवली, जुन्या काळी असं नव्हतं. इथे इतिहास त्यांना साथ देत नाही. सोळाव्या शतकातल्या जर्मन शहरांत तलवारबाजीचे जाहीर सामने होत, तिकडे त्यांना फेख्टशूल म्हणत. नगरपालिकेची परवानगी काढायची, बक्षीस लावायचं. भोसकायला बंदी. आणि जिंकणारा कोण, तर ज्याने समोरच्याच्या डोक्यावर सगळ्यात उंच जागी रक्त काढलं तो. म्हणजे डोकं सोडून बाकी शरीराला फारशी किंमत नाही, टोकाला तर नाहीच. ज्या मायरचं पुस्तक आज प्रमाण मानतात तोही असे सामने भरवणारा. पोटापाण्याला सुऱ्या घडवायचा आणि तलवार शिकवायचा. आपल्यासारखाच दिवसा एक आणि फावल्या वेळात दुसरं! तेव्हा 'नियमांच्या आधीची शुद्ध विद्या' नावाची वस्तू निदान त्याच्या पुस्तकात तरी सापडणार नाही.

हे सगळं तिकडचं झालं. पण हे 'तिकडचं' वाटतं तेवढं लांब नाही. वागळे इस्टेटीतून रिक्षाने ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह गाठता येतं. तो मुळात किल्ला, पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला. तो पुरा व्हायच्या आत, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. त्या लढाईत दोन्ही बाजूंच्या हातात युरोपात घडलेली पाती असण्याची शक्यता बरीच आहे. कारण सरळ युरोपियन पात्याला आपली मूठ बसवलेली तलवार मराठी सैन्यात इतकी रूढ होती की तिला नावच फिरंग. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार विकत घेऊन परत आणली, आठवत असेल. तिचंही पातं युरोपियन घडणीचं. दांडपट्ट्याची कित्येक पातीसुद्धा तिकडचीच. पोलाद एकच, पण दोन्हीकडे त्याचं पुढे काय झालं ते अगदी उलटं.

युरोपात परंपरा तुटली आणि मंडळींनी समोर प्रतिस्पर्धी उभा करून ती जोडायचा प्रयत्न केला. आपल्याकडे परंपरा तुटली नाही, पण प्रतिस्पर्धी निघून गेला.

पट्ट्याचंच बघा. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि पुढे लांब, लवचिक, दुधारी पातं. मनगट आत अडकलेलं, त्यामुळे वार मनगटातून निघत नाही, खांद्यातून आणि कमरेतून निघतो. पाय चुकला की वार चुकला, म्हणून पवित्र्याला एवढं महत्त्व. एकट्याने अनेकांना अंतरावर ठेवायचं हे हत्यार. लवचिक पातं जोडीदारावर थांबवता येत नाही, त्यामुळे त्याचा बराचसा सराव एकट्याने करायचा यात काही चूक नव्हतं. तो सराव एका मोठ्या शिक्षणाचा भाग होता, कारण बाकीचं शिक्षण छावणीत आणि रणात मिळायचं.

१८१८ ला पेशवाई गेली, फौजा मोडल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. रण गेलं, छावणी गेली, उरला तो एकट्याचा सराव. तो तालमींनी जपला, कोल्हापूरने मर्दानी खेळ म्हणून जपला, राजर्षी शाहूंनी आसरा दिला, गणपतीच्या आणि शिवजयंतीच्या मिरवणुकींनी त्याला प्रेक्षक दिले. या जपणुकीचे उपकार मोठे आहेत, त्यात शंका नाही. पण प्रेक्षक मिळाले की विद्या प्रेक्षकांकडे तोंड करते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू जर्मनीत जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवून आला. अभिमानाचीच गोष्ट. पण ती प्रात्यक्षिकं होती, सामना नव्हता. २०२४ साली दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर झाला, तोही आपण मुख्यतः फिरवताना पाहतो.

मर्दानी खेळातला कळसाचा प्रयोग म्हणजे लिंबू छाटणे. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगावर लिंबू ठेवायचं आणि पट्ट्याने त्याचे दोन तुकडे करायचे, कातडीला ओरखडा न येता. हे सोपं समजू नका. अंतराचा अंदाज, पात्याची धार वाराच्या रेषेत ठेवणं, वार नेमका थांबवणं, या सगळ्याची ती खरी परीक्षा आहे. हेमावाले बांबू आणि ओल्या चटया कापतात त्याहून कितीतरी अवघड. फक्त एक गोष्ट ती तपासत नाही. लिंबू सरकत नाही, हूल देत नाही आणि उलटा वार करत नाही.

गंमत म्हणजे या प्रश्नावरचं उत्तर आपल्याकडे होतं. फरी-गदगा नाव ऐकलंय? फरी म्हणजे हातातली छोटी चामडी ढाल, गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली वेताची काठी, म्हणजे तलवारीची बदली खेळाडूच. दोघं समोरासमोर उभे राहायचे आणि खरोखर मारायचे. वारांना नावं होती, डोक्यावरचा तो शीर, गालफडाच्या बाजूचा तो तमाचा, उलट्या अंगाचा तो बाहेरा. दुसरा खेळ बोथाटीचा. आठ-दहा फुटी भाला, टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा, घोड्यावर बसून सामना. गोळा रंगात बुडवून घेत, म्हणजे कोणाला कुठे लागलं ते अंगरख्यावर दिसायचं. दोघांच्याही छातीवर रंग असेल तर दोघंही मेले, वाद घालायला पंच नको! मुखवटा आणि इलेक्ट्रॉनिक्स नसताना काढलेला हा केवढा स्वच्छ नियम. बडोद्याला द. चिं. मजुमदारांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, त्यांत लाठी, फरी-गदगा, बोथाटी असल्या खेळांना मानाची जागा आहे. म्हणजे माहिती हरवलेली नाही. आपण ती मिरवणुकीत घेतली नाही, इतकंच. पंजाबने मात्र त्याच घराण्यातला गतका सामन्याच्या रूपात नियमबद्ध केला आणि तो खेलो इंडिया युवा स्पर्धांपर्यंत नेला. त्याच वेळी त्या स्पर्धांत आपल्याकडून गेला मल्लखांब. जो मुळात पैलवानाची पकड तयार व्हावी म्हणून पुरलेला खांब, नावातच मल्ल आहे. आज त्यावर चढणाऱ्या बहुतेकांचा कुस्तीशी संबंध नसतो. सरावाचं साधन स्वतंत्र खेळ झालं, आणि सुंदर खेळ झालं. तक्रार नाही, पण नोंद असावी.

आता तिसरी बाजू, कुस्ती. कारण आपल्याकडे समोरचा माणूस सुटला नाही अशी एकच मोठी युद्धविद्या उरली.

मातीतल्या कुस्तीचा नियम एका ओळीचा. पाठ लावली, अस्मान दाखवलं, संपलं. वेळेचं बंधन नाही, गुण नाहीत. ऐकायला अगदी 'रिअल' वाटतं. पण वेळेचं बंधन नसलं की काय होतं? १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को लढले. झिबिस्को पोटावर आडवा झाला आणि अडीच तासांहून जास्त वेळ बहुतांशी तसाच चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत. (१९२८ ला पतियाळात दोघं पुन्हा भेटले तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत निकाल लावला.) १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधली एक कुस्ती अकरा तास चाळीस मिनिटं चालली आणि जिंकलेला मार्टिन क्लाइन इतका गळून गेला की अंतिम फेरीला उतरलाच नाही. वेळेचं बंधन आणि गुण हे असल्या अनुभवांतून आले, कोणाच्या नाजूकपणातून नव्हे.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पण या नजरेने पुन्हा बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा मातीतला पैलवान १९४८ ला लंडनला गेला. तिथे गादी होती, गुणांची कुस्ती होती. सहावा आला. चार वर्षं त्या नियमांचा अभ्यास करून १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथेही नियम आडवा आला, पण वेगळ्या अर्थाने. असं सांगतात की दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण ते ठणकावून सांगायला भारताचा अधिकारीच जागेवर नव्हता. दमलेल्या अंगाने ते लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे राहिले आणि हरले. नियम विद्येला बांधतो हे खरं, पण नियम नसला किंवा तो मांडणारा नसला की बळी पैलवानाचाच जातो.

नियम वेडेही असतात. २००५ ते २०१३ या काळात गादीवर फेरी बरोबरीत सुटली की पिशवीतून रंगीत चेंडू काढून ठरवायचे की समोरच्याचा पाय आधीच धरून सुरुवात कोणी करायची. लॉटरीच! फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारिणीने कुस्तीला बाहेर काढायची शिफारस केली, तेव्हा जागतिक संघटनेची झोप उडाली, नियम बदलले, आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आली. आजही गादीवर समोरच्याला वर्तुळाबाहेर ढकललं तर गुण मिळतो, मातीत त्याला कोणी विचारत नाही. महाराष्ट्र केसरीत म्हणूनच माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून दोघांच्या विजेत्यांची गाठ घालतात. वादही होतात. २०२५ साली अहिल्यानगरला पाठ टेकली की नाही यावरून किती रणकंदन झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

पण या भांडणातच मला कुस्तीची तब्येत दिसते. पाठ टेकली की नाही यावर हजारो लोक भांडू शकतात, कारण तिथे दुसरा माणूस आहे आणि त्याला पाठ टेकू द्यायची नाहीये. नियम चुकीचा निघाला तर तो चुकीचा आहे हे कळतं. पट्ट्याच्या प्रात्यक्षिकावर कोणी भांडत नाही. फक्त टाळ्या पडतात. ज्या टेस्टमध्ये कधीच काही फेल होत नाही, तिच्याबद्दल तुम्ही काय म्हणाल?

याचा अर्थ सामना म्हणजेच वास्तव, असं मुळीच नाही. कॅप्टन नोलन नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ च्या पुस्तकात निजामाच्या स्वारांची एक हकिकत दिली आहे. त्यांच्या तलवारींनी केलेल्या भयंकर जखमा ऐकून तो चकित झाला. चौकशी केली तर पाती इंग्रजांनीच मोडीत काढलेली, वर देशी मूठ. फरक एवढाच की हे लोक ती वस्तऱ्यासारखी धारदार ठेवत आणि लाकडी म्यानात घालत. इंग्रजांच्या तलवारी लोखंडी म्यानात, रोजच्या कवायतीत काढ-घाल करून बोथट झालेल्या. कोणता हात शिकवता असं विचारल्यावर उत्तर मिळालं, खास काही नाही, धार असली की कोणाच्याही हातून कापलं जातं. म्हणजे सरावानेच हत्यार बोथट केलं होतं! आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली ती कोणाच्या पट्ट्याच्या हातामुळे नाही, तटाखाली सुरुंग लावल्यामुळे. 'समोर एकच माणूस, त्याच्याही हातात तलवार' हाही एक नियमच आहे. युद्धाने तो कधी पाळला नाही.

मग कॅन्टीनमधल्या वादाचं काय? माझ्यापुरता निष्कर्ष असा. जीव न घेता जीव घेण्याची विद्या शिकायची तर कुठेतरी खोटं करावंच लागतं. हेमावाले धार खोटी करतात आणि माणूस खरा ठेवतात. आपला पट्टा धार खरी ठेवतो आणि माणूस काढून टाकतो. दोन्ही खोटी आहेत, पण सारख्या किमतीची नाहीत. खोट्या धारेचा दोष खऱ्या पात्याने चटया किंवा लिंबं कापून बराचसा भरून निघतो. गैरहजर माणसाचा दोष कितीही लिंबं कापली तरी भरून निघत नाही.

हे नुसतं इतिहासाचं कोडं असतं तर सोडून दिलं असतं. पण आज ठाणे-डोंबिवलीत लाठी-काठीचे वर्ग मुलींना 'स्वसंरक्षण' म्हणून शिकवले जातात. घामाघूम होऊन, मनापासून शिकतात त्या. व्यायाम म्हणून, आत्मविश्वास म्हणून उत्तमच. पण ज्या हाताने कधी हलणाऱ्या, चुकवणाऱ्या, उलट मारणाऱ्या माणसावर काठी चालवलेली नाही, त्या हाताला तू आता सुरक्षित आहेस असं सांगणं मला जबाबदारीचं वाटत नाही. आणि ज्या विद्येला आपण अभिमानाने शिवकालीन म्हणतो तिच्यात नेमकं शिवकाळातलं काय उरलंय आणि मिरवणुकीत काय जोडलं गेलं, हे कळायलाही दुसरा मार्ग नाही.

खर्च फार नाही. वेताची मढवलेली काठी, छोटी ढाल, डोक्याला आणि हाताला संरक्षण, आणि रविवारच्या दोन तासांतला अर्धा तास. नियम पहिल्या दिवशी वाईट असतील, पोरं त्यांतून पळवाटा काढतील, मग ते बदलावे लागतील. बदलू द्या. टोकाला रंग लावा, म्हणजे किती वेळा दोघंही मेले ते अंगावरच दिसेल.

पट्टेवाल्याला हे सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "रंग धुतल्यावर जातो ना?"